आधीच भरलेला रकाना

“म्हणजे पुस्तकातल्या कमी मापापासून सुरुवात करायला नको?” हेंक यांनी फोनवर विचारलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. आकडा हिरवा होता. “प्रोग्राममध्ये तरी सेफ दिसतंय,” मी म्हणालो.

मी टिलबर्गला मास्टर्स करतो आणि आठवड्यातून दोन दिवस एका छोट्या कंपनीच्या सपोर्ट डेस्कवर बसतो. काही नेमबाज रायफलच्या वापरलेल्या काडतुसाची पितळी नळी, म्हणजे केस, घरी पुन्हा भरतात. त्याला रिलोडिंग म्हणतात. बंदुकीची दारू किती भरायची याची मापं छापील पुस्तकात असतात, आणि त्यातल्या कमी मापापासून हळूहळू चढायचं असतं. किती दारू भरली तर केसमध्ये किती प्रेशर होईल, याचा अंदाज आमचं सॉफ्टवेअर देतं. अंदाजच. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉम्प्युटरवर आलं ते खरं, असं ऐकतच मोठा झालो.

हेंक द हेगचे, ट्रामचालक म्हणून निवृत्त झालेले. “एवढी वर्षं ट्राम चालवली, हा माऊस काही सरळ जात नाही. तूच भर, पोरा,” म्हणाले. मी भरत गेलो. ‘केसचं आतलं माप’ या रकान्यात प्रोग्रामनं धरलेला एक आकडा आधीच होता. तो तसाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या क्लबमधून फोन आला. तिसऱ्या गोळीला केस बुडाशी फुटली होती. हेंक हॉस्पिटलमध्ये होते. उजवा डोळा.

आमच्या सपोर्टचं काम रेवाताई बघते. नवऱ्याबरोबर डिपेंडंट म्हणून इथे आली होती. तिनं विचारलं, “केस कुठली होती?”

“विचारलं नाही. नंतर कळलं, नव्या कंपनीची, जाड भिंतीची.”

भिंत जाड की आत जागा कमी. जागा कमी की त्याच दारूचं प्रेशर जास्त. रकान्यातला आकडा पातळ भिंतीच्या केसचा होता.

“तो आकडा तसाच ठेवायचा का, हे मला का नाही विचारलंस रे?”

“प्रश्न बावळट वाटेल म्हणून.”

तिनं स्क्रीनवर तो रकाना उघडून पाहिला.

“त्यांना भेटायला जाऊ का?” मी विचारलं.

“कंपनीचा वकील नको म्हणेल. म्हणून मला विचारू नकोस. जा.”

हेंक घरी खुर्चीत बसले होते. डोळ्यावर पट्टी. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “चूक माझी. पुस्तक टेबलावर होतं. मी उघडलं नाही.”

मी त्या रकान्याचं सांगितलं. आकडा आधीच भरलेला होता, मी तो तपासला नाही.

“ते माप कसं घेतात?” त्यांनी विचारलं.

“केस रिकामी तोलायची. मग पाण्यानं काठोकाठ भरून परत तोलायची.”

“किती वेळ लागतो?”

“पाच मिनिटं.”

त्यांनी मान हलवली. मग कॉफी घेणार का, विचारलं.

त्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. रायफल त्यांनी विकली.

आम्ही प्रोग्राम बदलला. तो रकाना आता रिकामा असतो. स्वतः मोजलेलं माप घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि उत्तराखाली पुस्तकातल्या कमी मापापासून चढत जायची सूचना येते. वेळ जातो, अशी लोकांची तक्रार असते. मी ऐकून घेतो आणि केस कुठली आहे ते विचारतो.