स्क्रीनबाहेरची विंडो

माझ्या मामाला स्टुडिओत येणारे लोक ‘चाळणी’ म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये त्याला पंख्याची घरघर खपत नाही, कपड्यांची सळसळही नाही. बाकीचे लोक आवाज आहे तसा साठवतात आणि सफाई मागाहून करतात. मामा आवाज आत येतानाच संगणकातल्या एका प्लगइनमधून, म्हणजे सफाईच्या छोट्या जोड-प्रोग्रॅममधून, गाळून घेतो आणि गाळलेलाच साठवतो. कोणी टोकलं तर म्हणतो, “मागाहून निवडत बसायचं, तर आधी खडे घ्यायचेच कशाला?”

स्टुडिओ म्हणजे घरातलीच मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. पुढच्या खोलीत आजोबांचं शिवणयंत्र. आजोबा शिंपी. काज करताना ते छान गुणगुणायचे, पण कोणी कान दिलाय असं वाटलं की तोंडाला कुलूप. ते गाणं एकदा रेकॉर्ड करून ठेवावं म्हणून मामा वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागला होता. एका दुपारी त्यांनी कात्री खाली ठेवली.

“चल, म्हणतो. एकदाच हं. पुन्हा माझं डोकं खायचं नाही.”

मामाची नुसती धांदल उडाली. त्यात दोनपैकी एक स्क्रीन दुरुस्तीला गेलेली. सफाईचं प्लगइन त्याने उघडलं, पण विंडो दिसेना. ती त्या गेलेल्या स्क्रीनच्या जागेवर, म्हणजे हवेत, उघडली होती. हा छळ त्या आठवड्यात रोजचाच होता. ‘नंतर बघू’ म्हणून मामा पुढे गेला; आजोबांचं मन फिरायला कितीसा वेळ लागतो?

आजोबा माइकपुढे गुणगुणत गळा मोकळा करत होते. साथीचा सूर सुरू करायला मामाने स्पेसबार दाबला. ढिम्म. जरा थांबून पुन्हा दाबला. शेवटी माउसने सुरू केला. स्पेसबारचे ते दोन्ही दाब त्या न दिसणाऱ्या विंडोने गिळले होते, आणि तिच्यात ‘गोंगाट ओळखा’ हे बटण निवडलेलं होतं. पहिल्या दाबाने ओळख सुरू झाली, दुसऱ्याने संपली; मधे जे कानावर पडेल ते गोंगाट धरून पुढे गाळायचं, हे त्या बटणाचं काम. मधल्या वेळात खोलीत आवाज होता तो फक्त आजोबांच्या गळ्याचा.

हेडफोनमध्ये मामाला माइकचा थेट, न गाळलेला आवाज येत होता. तो डोळे मिटून मान डोलावत राहिला.

“ऐकव बघू,” गाणं संपल्यावर आजोबा म्हणाले. मामाने आधी स्वतः ऐकायला हवं होतं. त्याने हौसेने थेट मोठ्या स्पीकरवर लावलं.

नळात पाणी नसताना तोटीतून हवा येते, तसं काहीतरी खरखरत बाहेर आलं. आजोबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

“असा आहे होय माझा आवाज! तुझी आई बिचारी कधी बोलली नाही.”

“अहो बाबा, नाही! काहीतरी चुकलंय, थांबा—”

पण ते उठून कामाला लागले होते. तेव्हापासून त्यांचं गुणगुणणं बंद आहे.

स्क्रीन दुरुस्त होऊन आल्यावर ती विंडो तिच्यावर साळसूदपणे हजर झाली. मग मामाला सगळा उलगडा झाला. तो धावत पुढच्या खोलीत गेला.

“बाबा, तुमच्या आवाजालाच ते गोंगाट समजलं! विंडो उघडी होती, पण दिसत नव्हती.”

“दिसत नव्हती, तर उघडी होती हे तुला कुणी सांगितलं?”

“तसं होतं कधीकधी. तुम्ही फक्त एकदा परत म्हणा, मी काही गाळणार नाही.”

आजोबांनी सुईत दोरा ओवला.

“तू लहानपणापासून असाच. माझ्या हातून शर्ट आखूड शिवला गेला, तर गिऱ्हाइकाला सांगायचास, कापडच आटलं म्हणून.”

मामा खरोखरच तसं सांगायचा.