मान हलवू नकोस

आमच्या दुकानात दोन खुर्च्या. पहिली मास्तरांची, दुसरी माझी. मास्तरांचा हात इतका हलका की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागतं. तोंडाचं विचारू नका, सकाळी सुटलं की शटर ओढेपर्यंत चालू. फक्त त्यांच्या आईच्या दुखण्याचा विषय निघाला की त्यांना एकदम कंगवा सापडेनासा व्हायचा.

आई दुकानाच्या वरच राहायची, मास्तरांच्या थोरल्या बहिणीबरोबर. ताई म्हणतो आम्ही तिला. आईला कॅन्सर झाला, औषधं सुरू झाली आणि केस पुंजक्या-पुंजक्यानं उशीवर यायला लागले. एके दुपारी ताई जिना उतरून खाली आली.

"आई म्हणतेय, एकदाचं मशीन फिरव डोक्यावरून. तूच हवायस तिला."

दुकानात चिटपाखरू नव्हतं. मी आपला पहिल्या खुर्चीत, जिन्याकडे पाठ करून, पेपर वाचत पडलेलो. मास्तरांनी झटकन माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. "गिऱ्हाईक बसलंय गं. एवढं उरकतो नि येतो."

अहो, माझे केस कालच कापलेले! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, ती भिंत त्या दिवशी मी झालो. ताई वर गेल्याबरोबर मी भडकलो. "मास्तर, आधी वर जा. माझ्या डोक्यावर काय उरलंय कापायला?"

"मान हलवू नकोस," मास्तर म्हणाले. कात्री कानाशी नुसतीच हवेत वाजत होती. आरशात बघितलं तर माणूस पांढराफटक पडलेला. आईचं उघडं डोकं बघायची हिंमतच नव्हती त्यांच्यात.

शेवटी ताईनं स्वयंपाकघरातली कात्री घेतली. कुठे टक्कल, कुठे झिपऱ्या. आईनं रुमाल बांधला नि पुन्हा म्हणून मास्तरांना बोलावलं नाही. तशीच गेली बिचारी.

वर्षभरानं कॅन्सरच्या रुग्णांच्या मदतीसाठी गावात दौड ठरली. मास्तरांनी आपणहून नाव दिलं. बनियनवर पाठीमागे आईचा फोटो छापून घेतला, तरुणपणीचा, लांबसडक वेणीचा. गिऱ्हाइकं पाठ थोपटायला लागली. "लेक असावा तर असा!" दर थापेला मास्तरांचे कान लाल व्हायचे. कंगवा शोधायला लागायचे. तो का सापडत नाही ते मलाच ठाऊक.

दौडीच्या सकाळी ताईनं फोटो नीट बघितला. "छान निवडलास," एवढंच म्हणाली.

मास्तर पळाले कसले, पोट पुढे आणि मास्तर त्याच्या मागे. सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत रस्त्याच्या टोकाला आले. तिथं माइकवाला ओरडला, "बघा मंडळी! आईची अखेरपर्यंत सेवा केलेला मुलगा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटची रेघ दोन हातांवर होती आणि मास्तर तिथंच थांबले.

मागे फिरून ते आमच्याकडे आले. ताईसमोर बनियन काढायला लागले. "हे तू घाल, ताई. तू जा. मला लाज वाटते गं, मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"मी कशाला पळू?" ताई म्हणाली. "आईच्या दुखण्यात वर्षभर जिन्यावरून पळालेच की." मग तिनंच बनियन खाली ओढून सारखं केलं. "लोकांनी आईच्या नावानं मदत दिलीय. लाज वाटतेय ना? वाटू दे. ती घेऊनच जा पलीकडे."

मास्तर गेले. चालत गेले. पदक गळ्यात पडलं तेव्हा त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पहिल्या खुर्चीसमोर, आरशाच्या कडेला, नवा फोटो. ताईकडून मागून आणलेला. वेणी नाही, रुमालसुद्धा नाही. ते वेडंवाकडं कापलेलं डोकं आणि खाली आईचं हसू.

गिऱ्हाईक खुर्चीत बसतं नि समोर बघतं. "कोण हो या? केस कुणी कापले असे?"

"आई माझी," मास्तर म्हणतात. "बहिणीनं कापले. आईनं मला बोलावलं होतं. मी खालीच होतो, रिकामा. गेलो नाही."

गिऱ्हाईक वळून त्यांच्या तोंडाकडे बघायला जातं.

"मान हलवू नका," मास्तर म्हणतात, आणि कात्री उचलतात.