उन्हात ठेवलेला माठ

चाळीसच्या दशकात पारनेरकडच्या आमच्या गावात घरोघर नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीत भांडं बुडवलं की पाण्यात बारीक पांढरे ठिपके उड्या मारायचे. खेकड्या-झिंग्यांच्या गोतातले हे जीव पोटात गेले की वर्षाने पायातून नारूचा दोऱ्यासारखा लांब जंत निघतो, हे मी पुण्याच्या कॉलेजात शिकलो होतो. माझ्या वहिनी कारण ठाऊक नसतानाही पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या. त्यांच्या माहेरची रीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी विहिरीच्या पाण्याच्या दोन बशा भरल्या. एक ओसरीवर ठेवली, एक भर उन्हात. दुपारी उन्हातले सगळे जीव मेलेले. त्या बशीत बोट घातलं तर चटका बसला. पण उन्हातल्या जांभळ्यापलीकडच्या, न दिसणाऱ्या किरणांबद्दल नुकतंच वाचलं होतं, तेव्हा श्रेय किरणांना दिलं. उष्णतेने मेले की किरणांनी, हे वेगळं करून पाहायला हवं होतं. नाही पाहिलं. पारावर जाऊन सांगून मोकळा झालो.

“वहिनी, फडकं टाका आता. माठ उन्हात ठेवा, झालं.”

“ऐकलं का,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “आमच्या भावजींनी सूर्यनारायनाला पानी गाळायला ठिवलं!”

“मग त्येला भाकरी बी तुमीच घाला,” शेजारीण म्हणाली. दोघी हसल्या. फडकं मात्र सुटलं, माठ उन्हात गेला.

पुण्याला परतायच्या आधी सहज त्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन भिंगाखाली पाहिलं. जीव उड्या मारत होते. माठ पाझरत होता, त्यामुळे पाणी गारच; आणि मातीच्या भिंतीतून कुठले किरण जाणार? ‘पुन्हा गाळा’ एवढंच सांगायचं होतं. पण पारावरची माणसं हसतील म्हणून मी पेला परसात ओतला आणि मोटार पकडली.

पुढच्या उन्हाळ्यात घरी आलो तर वहिनी खाटेवर. घोट्यातून निघालेला नारू काडीला गुंडाळलेला. ओढताना तुटला तर पाय सडायचा, म्हणून रोज थोडाथोडाच गुंडाळायचा.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “माठ रोज उन्हात ठिवत हुते वो. येखांद्या दिशी सावली आली आसंल का? माजंच चुकलं का काय?”

“असेल,” मी म्हणालो.

दिराची विद्या खोटी ठरली नाही, या विचाराने त्यांना हायसं वाटलं. ते मला दिसलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.