सहाव्या दिवशीची भेट

बाळंतिणीला भेटायला टोमॅटोचं खोकं घेऊन जाणारा जावई आंबेगाव तालुक्यानं माझ्याआधी पाहिला नसेल. आमच्या पिंपरी पेंढारच्या रानात त्या वर्षी टोमॅटो बक्कळ आला होता. रिकाम्या हातानं सासुरवाडीला कसं जायचं, एवढाच विचार मी केला. बाळंतिणीला आंबट चालत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खोकं उचलून गोठ्याच्या भिंतीला लावलं. "दाजींनी म्हशीला लई चांगला खाऊ आणला," मेव्हणी म्हणाली.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको डोंगराकडच्या त्या गावात. सुईणीच्या हातानं घरीच सुटका झालेली. मुलगी झाली होती, तिला त्या दिवशी सहा दिवस झाले होते. खरं तर जावयानं बारशालाच जायचं. मला दम निघाला नाही.

ओसरीवर उपकेंद्राच्या नर्सबाई बसल्या होत्या. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करून झालं होतं, चहा पिऊन झाला होता, तरी त्या उठत नव्हत्या. सासूबाई आत गेल्या तशा त्या हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी आले तर बाळंतीण झोपली होती. आजही झोपलीय म्हणतात. बाळ दाखवतात, आई दाखवत नाहीत. भाऊ, तुम्ही नवरा ना? जरा बघून या."

मी गेलो. सोयर होतं, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि बरी आहेस ना म्हणून विचारलं. आतल्या अंधारातून "बरी हाय" असं आलं. मी परत येऊन शिपायानं टपाल द्यावं तसा निरोप बाईंना दिला.

"अंगाला हात लावून बघितला?"

"नाही, बाहेरूनच विचारलं."

बाई नुसत्या बघत राहिल्या. पाढा चुकल्यावर आमचे गुरुजी असेच बघायचे. मी पुन्हा उठलो.

खोलीला खिडकी नव्हती. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकून केलेली धुरी. डोळ्यांना पाणी आलं. पण त्या धुराच्या खाली आणखी एक वास होता, आणि तो मला माहीत होता. आदल्या साली व्याल्यावर आमच्या गाईची जार आत अडकली होती, तेव्हा गोठ्यात हाच वास सुटला होता. त्या वेळी मी चपला न घालता सायकल मारत जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेलो होतो. गाईसाठी अनवाणी पळणारा मी बायकोच्या उंबऱ्याशी चपला जोडीनं काढून, पावण्यासारखा उभा होतो.

आत शिरलो. दोन गोधड्यांखाली ती थरथरत होती. कपाळाला लावलेला हात चटकन मागे आला.

"शेगडीचा ताव हाय त्यो," मागून सासूबाई म्हणाल्या. "पावणं, बाहेर या. सोयर हाय."

"मामी, नर्सबाईंना आत येऊ द्या."

"न्हाई. कुणी यायचं न्हाई आत."

दोन्ही हात चौकटीला लावून त्या दारात उभ्या राहिल्या. सासरे अंगणात होते, त्यांनी मान वर केली नाही. लग्न झाल्यापासून मी सासूबाईंना जास्तीची भाकरीसुद्धा नको म्हणालो नव्हतो. तरी बोललो, "मग मी तिला उचलून बाहेर आणतो." तेव्हा मी काटकुळा होतो, टोमॅटोचं खोकं एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत दोनदा टेकवत आणलेलं. पण सासूबाईंना ते खरं वाटलं असावं. त्यांचा एक हात खाली आला, आणि तेवढ्या जागेतून बाई आत गेल्या.

त्यांनी आधी शेगडी बाहेर काढायला लावली. मग थर्मामीटर लावला. ताप एकशे चार होता. त्यांनी ओटीपोट दाबलं तशी बायको कळवळली. बाई माझ्याकडे वळल्या. "आत काहीतरी राहिलंय, ते सडतंय. संध्याकाळच्या एसटीची वाट बघू नका."

सासरे तेव्हा हलले. धावत जाऊन त्यांनी रस्त्यावर वडापची जीप अडवली. बाजाराला निघालेली दहा-बारा माणसं कुणी न सांगता, पिशव्या घेऊन खाली उतरली. बाळ घरी ठेवा असं कुणीतरी म्हणालं, तर बाईंनी त्याला गप्प केलं. बाळ आईबरोबर येईल, अंगावर पीत राहील. सासूबाई शेवटच्या क्षणी चढल्या आणि त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं.

वाटेत बाईंनी बायकोला पाणी पाजलं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं म्हणून सहा दिवसांत तिला घोट-घोटच मिळालं होतं. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरून ठेवला. सासूबाईंनी तोंड बाहेर वळवलं. पुढं बायको थरथरायची थांबली. मला वाटलं, उतार पडला. बाईंना तसं वाटत नव्हतं. त्या सारखं तिचं नाव विचारत होत्या, आणि दर खेपेला उत्तर उशिरा येत होतं. मी ड्रायव्हरला टोमॅटोच्या भावाविषयी सांगत होतो. काय सांगितलं ते आठवत नाही. गप्प बसवत नव्हतं, एवढंच.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला लगेच आत नेलं, गर्भपिशवी साफ केली, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले की दोन दिवस काही सांगता येणार नाही. ते दोन दिवस सासूबाई वॉर्डाच्या दाराशी बसून होत्या. बाळ पाजायला आत द्यायच्या, परत घ्यायच्या. अन्नाला शिवल्या नाहीत. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना काय काय सुनवायचं, ते मनात घोकत होतो. चांगलं लांबलचक भाषण तयार झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बायकोनं चहा मागितला. चहा देता देता मी तिला ते भाषण थोडंसं ऐकवलं.

बशी खाली ठेवून ती म्हणाली, "आईला काय बोलू नका. तिची धाकटी बहीण बाळंतपणातच गेली. बघाय आलेल्या माणसांची नजर लागली, असं सगळे म्हणले तवा. म्हणून ती कुणाला आत सोडत नव्हती. आन् ताप तर मलाबी कळत व्हता. तरी मी बरी हाय म्हणले. मग मला काय बोलणार तुमी?"