मामांच्या लाँचचा रंग

माझं बारामतीत औषधांचं दुकान आहे. पन्नाशीला आल्यावर मी गोव्याला जाऊन पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरायला शिकले आणि तिथं तळाशी बसलेलं एक जुनं जहाज बघून आले. तेव्हापासून खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाचीही त्या जहाजाचे फोटो बघितल्याशिवाय सुटका होत नसे.

फोटो जोडीनं दाखवायचे. पहिल्यात सगळं निळं: जहाज, मासे आणि माझा हातसुद्धा. दुसऱ्यात जहाजाचा गंज तांबूस, मासे पिवळे आणि हात जिवंत माणसाचा. मधे एवढंच घडलं होतं, की मी कॅमेऱ्यापुढं लाल काच बसवली होती. पाणी उन्हातला तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं. लाल फिल्टर उरलेल्या निळ्याला जरा आवरून धरतो, म्हणून गेलेला तांबडा परत आल्यासारखा दिसतो. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या जोरात समजावून सांगायचे, की मलाही ते समजलंय असं वाटायला लागलं होतं.

एकदा माझे मामा ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले. ते इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून असलेल्या गावात राहतात. त्यांनाही फोटो दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बुडालेलं बघाय गोव्याला कशाला गेलीस? आपली लाँच हाय की हितं."

त्यांची लाँच मला चांगली आठवत होती. रुंद, लोखंडी, डिझेलचा धूर सोडणारी. माणसं, मोटारसायकली, दुधाचे कॅन आणि एखादी वैतागलेली शेळी घेऊन ती या काठावरून त्या काठाला जायची. पुढं रस्ते सुधारले, घरोघरी गाड्या आल्या आणि लाँच रिकामी फिरायला लागली. मामांनी ती काठाला बांधून ठेवली. एका पावसाळ्यात तिच्यात पाणी भरत गेलं आणि ती बांधल्या जागी खाली बसली. कुणी बुडालं नाही, पेपरात काही आलं नाही. जहाजबुडी म्हणून तिच्यात काही दम नव्हता. पण इंदापूर गोव्यापेक्षा बरंच जवळ होतं.

मला गोव्याला नेऊन पाण्यात उतरायला शिकवणारा शिक्षक पुण्याचा. त्याला सिलिंडर घेऊन बोलावलं आणि थंडीच्या एका सकाळी आम्ही मामांच्या अंगणात चहा पीत बसलो. काय शोधायचंय ते ठरावं म्हणून मी सहज विचारलं, "लाँचचा रंग कुठला होता?"

"लाल," मामा म्हणाले. "लालभडक."

"मोरपंखी," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"लाल हुती. पल्याडच्या काठावरनं वळखू यायची."

"वळखू यायची, पर मोरपंखी. खिडक्यांचा रंग उरला हुता, त्योच दिला हुता."

"खिडक्या कवा मोरपंखी हुत्या?"

"तुमी घरात कवा हुता?"

मामांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं वळले. "बाई, तू फोटोच काढून आण. तुझ्याकडं ती काच हाय न्हवं, खरा रंग दावणारी."

काचेचं हे वर्णन मला इतकं आवडलं, की त्यात काही दुरुस्ती करावी असं वाटलं नाही.

लाँचवर दोन-अडीच पुरुष पाणी होतं. उतरल्यावर कळलं की हा गोवा नव्हे. सगळीकडं मुगाच्या आमटीसारखं हिरवं पाणी, आणि दोन हातांपलीकडं काही नाही. शिक्षकानं खूण केली तेव्हा मी लाँचच्या नाकाला जवळजवळ डोकंच आपटणार होते. तिच्यावर शेवाळाचा आणि गाळाचा थर बसला होता. मी आधी काचेशिवाय एक फोटो घेतला, मग लाल काच लावून एक. तेवढ्यात आमच्याच पायांनी गाळ उठला आणि लाँच दिसेनाशी झाली.

काठावर येऊन कॅमेरा मामांच्या हातात दिला. लाल काचेचा फोटो अंधारलेला होता आणि त्यात सगळं भाजलेल्या विटेसारखं दिसत होतं: लाँच, शेवाळ, पाणीसुद्धा.

"बघ! लाल!" मामा म्हणाले.

मामीनं बोटानं मागचा फोटो आणला. काचेशिवायच्या त्या फोटोत सगळं जग हिरवं-निळं होतं. "आन ह्ये काय मग?"

"ते बिनकाचेचं हाय. त्याला काय अर्थ न्हाय."

मी समजावून सांगायला लागले. म्हटलं, लाल काचेतून काहीही लालसरच दिसणार, त्यावरून रंग ठरत नाही. मामांनी मला मधेच थांबवलं. "म्हंजी गोव्यात खरं आन हितं खोटं, व्हय?"

मी शिक्षकाकडं बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "लाल फिल्टर निळ्या समुद्रासाठी असतो. हिरव्या पाण्यात जांभळट गुलाबी लावतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

जांभळट गुलाबी काच मागवली आणि ती आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी शिक्षकानं अशी एक गोष्ट सांगितली, जी त्यानं गोव्यात शिकवली तेव्हा मी बहुतेक मासे बघत होते. नुसती काच लावून भागत नाही. त्या पाण्यात पांढरं म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला आधी दाखवावं लागतं. त्यासाठी पांढरं काहीतरी खाली न्यायला हवं होतं. मामीनं कपाटातून पाहुण्यांसाठीचं पांढरं ताट काढून दिलं. "परत आणशील न्हवं?" तिनं विचारलं. मी हसले.

या खेपेला आम्ही पाय न हलवता उतरलो. मी ताट लाँचच्या कडेवर टेकवलं, कॅमेऱ्याला पांढऱ्याची ओळख करून दिली आणि शेजारचं शेवाळ तळव्यानं घासून काढलं. हातभर जागा मोकळी झाली. फोटो घेतला आणि तिथंच पडद्यावर बघितला. ताट पांढरं, माझी बोटं बोटांच्या रंगाची, आणि लोखंड लाल. काही फसवाफसवी नाही, खरोखरच लाल. मला एकदम भरून आलं. माझा एवढा खरा फोटो पूर्वी कधी निघाला नव्हता.

वर आल्यावर मामांनी तो शेजारच्या दोघा-तिघांना बोलावून दाखवला. मामीनं कॅमेरा मागून घेतला. फोटो मोठा करकरून तिनं बराच वेळ बघितला.

"ह्यो तर रेडऑक्साईड हाय," ती म्हणाली. "लोखंडाला आदी ह्योच देत्यात. वरचा रंग समदा गेलाय."

"वर बी लालच हुता," मामा म्हणाले. "खाली लाल, वर लाल."

वरचा रंग पाण्यात गेला होता, आणि गेलेला रंग दाखवणारी काच अजून कुणी काढलेली नाही. शिक्षकानं दुसरीकडं तोंड फिरवलं आणि सिलिंडर गाडीत भरायला सुरुवात केली. मामीनं इकडंतिकडं बघितलं. "आन ताट?"

ताट लाँचच्या कडेवर राहिलं होतं.

मामांनी तो फोटो मोठा करून, चौकट घालून बाहेरच्या खोलीत लावला. आलेल्या प्रत्येकाला ते सांगतात, की भाचीनं खास काच लावून काढलाय, यात खोट निघायची नाही. माझं नाव एवढ्या आदरानं घेतलेलं मी आमच्या घराण्यात पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळं तेव्हाही मी दुरुस्ती केली नाही.

परवा गेले तेव्हा मामी भाकरी थापत होती. मी हळूच विचारलं, "मामी, तुला इतकी खात्री कशी गं?"

"मीच रंगवली हुती की. ह्ये टायफॉइडनं महिनाभर पडून हुते. लाँच काठावर वढून घेतली आन मी आन सासूबाईंनी ब्रश मारला. बरं झाल्यावर ह्ये उठले ते सरळ आत जाऊन इंजिनापशी बसले. आत बसणाऱ्याला भायरचा रंग कुठं दिसतोय?"

"मग सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगतीया की. तवापासनं." तिनं भाकरी उलटली. हात पुसून फोन माझ्यापुढं धरला. "त्यो पयला फोटू हाय का गं तुझ्याकडं? बिनकाचेचा?"

मी पाठवला. तिनं तो उघडला आणि फोन सुरू केला की तोच दिसेल असा लावून मागितला. तोही लावून दिला.

"आता कशी दिसती बघ. अगदी तशीच."

त्या पाण्यात तिचं पांढरं ताटसुद्धा मोरपंखी दिसलं असतं.

"छान दिसते," मी म्हटलं, आणि तिनं वाढलेली भाकरी खायला लागले.