धोंडुबाईचा कान

सोमवारपासून महानंदाच्या डोळ्यांपुढून धोंडुबाईच्या भुवया हलत नव्हत्या. लेकीला, रक्षिताला, शाळेतून घेऊन ती येत होती, तेव्हा शिरोली एमआयडीसीतून आलेला टेम्पो कोपऱ्यावर थांबला. बायका पटापट उतरल्या. सगळ्यांत शेवटी, आधी एक पाय चाचपून मग दुसरा टाकत, धोंडुबाई उतरली. भुवयांवर लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीची काळी वाळू बसलेली. महानंदानं "मावशी" म्हणून हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही.

ऐकू आलं नसेल, असं महानंदानं स्वतःला समजावलं. पण ऐकू येऊनही वळली नसेल तर? आणि खरंच आलं नसेल, तर पाठीमागून येणारा ट्रक तरी या बाईला कसा ऐकू येणार? भाकरी थापता थापता हात थांबायचा. तव्यावरची करपायची. वयाची साठी उलटलेली बाई पुन्हा फौंड्रीत गेली होती, आणि कुणामुळे गेली हे पेठेत एकट्या महानंदाला माहीत होतं.

शिवाजी पेठेत धोंडुबाईला गच्चीवाली म्हणत. गळक्या गच्च्या दुरुस्त करायचं हे काम ती सासूकडून शिकलेली. चुन्याच्या गच्च्या होत्या तेव्हा बायका ओळीनं उकिडव्या बसून लाकडी चोपण्यांनी दिवसच्या दिवस चुना चोपायच्या. चुना गेला, सिमेंटचे स्लॅब आले, तशी ती विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा कोबा घालायला शिकली. नव्वदच्या सुमारास नवरा वारला. गच्च्यांची कामं चार महिन्यांची, पोट बारा महिन्यांचं, म्हणून सहा वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत गेली. ओतून निघालेल्या लोखंडाच्या कडा जिथं मशीनवर घासतात, त्या खात्यात. तिथल्या किंचाळण्यानं तिचा डावा कान गेला, उजवा निम्मा राहिला. मुलगा प्रसेनजीत कागलच्या कारखान्यात लागल्यावर ती परत गच्चीवर चढली. आभाळाखालचं काम बरं, म्हणायची, वर कुणी वरडत न्हाय.

चोपण्याच्या दांड्यानं ती खालून छत ठोकत जायची. भरीव जागा टक् वाजते. पाणी मुरून गिलावा स्लॅबपासून सुटला असेल तिथं ढब असा आवाज येतो. ढब वाजेल तेवढंच फोडायचं, वीतभरही जास्त नाही, म्हणून लोकांना ती हवी असायची. एकदा एका इंजिनिअरनं नकाशा उलगडून इथं ओल असणं शक्यच नाही म्हणून सांगितलं. ही म्हणाली, "सायेब, तुमचा कागूद कोरडा हाय. स्लॅब वला हाय."

कानाचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिची आपली एक रीत होती. ठोकताना घरच्या बाईला स्टुलाशेजारी उभं करायची आणि विचारायची, "वैनी, कसं वाजतंय?" बायकांना वाटे, मावशी शिकवतेय, नाहीतर आपली परीक्षा घेतेय. हसत हसत सांगायच्या. बी. ए. झालेल्या महानंदालाही तसंच वाटलं होतं.

यंदा, दोन हजार सहाच्या पावसाळ्यात, महानंदाकडे गच्ची गळली. रक्षिता झोपायची त्या खोलीच्या कोपऱ्यात आधी पिवळा डाग पडला, मग पोपडे सुटले, मग गादीवर थेंब. रुद्रेश, म्हणजे महानंदाचा नवरा, कारखान्याच्या तिन्ही पाळ्यांत अडकलेला. उघडीप बघून धोंडुबाईनं दोन दिवसांत वरचा कोबा चिरेच्या अंगानं उकलून नवा घातला. गळती थांबली. मग ती आत आली आणि खालून छत ठोकायला स्टुलावर चढली. गौरी चार दिवसांवर आल्या होत्या.

कोपऱ्यात आल्यावर तिनं दांडा थांबवला आणि छताला तळहात लावला.

"वैनी, माझ्या हाताला हितं जरा थरथर लागतीया. तुमी ऐका आन् सांगा. भरीव का पोकळ?"

तिनं पुन्हा ठोकलं. महानंदाला स्वच्छ ऐकू आलं. ढब. पण त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे घरभर वाळू, बाहेर काढलेला पलंग, धुऊन ठेवलेली भांडी पुन्हा धुळीत आणि दारात उभे पाहुणे असं सगळं एकदम आलं. आणि खरंच पोकळ असतं तर मावशीला कळलंच असतं की. ती काय मला विचारून ठरवणार?

"भरीव वाजतंय की, मावशी."

"बघा हां. लेकरू झोपतंय हितं."

"अहो, भरीवच आहे."

धोंडुबाई स्टुलावरून उतरली.

विसर्जन होऊन तीन दिवस झाले होते. भर दुपारी रक्षिता बिस्किट मागायला पलंगावरून उठून स्वयंपाकघरात आली आणि मागं धाडकन आवाज झाला. परातीएवढा गिलावा उशीवर पडला होता. उशीत पोरीच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता.

रुद्रेशनं धोंडुबाईला बोलावून घेतलं आणि वयाचा मुलाहिजा न ठेवता बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं, नाहीतर ओठांवरून वाचलं असेल. पडलेला तुकडा उलटा केला, त्यावरचा गंज बोटानं पुसला.

"चूक माझी हाय, सायेब. कान गेल्यात माझं."

महानंदा रक्षिताला पोटाशी धरून दारात उभी होती. कान गेलेत, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि स्टुलाशेजारचा तो प्रश्न खरा प्रश्न होता, हेही. धोंडुबाईनं एकदा मान वर करून तिच्याकडे बघितलं. महानंदा रक्षिताची सुटलेली वेणी घालू लागली. मग धोंडुबाईनं अख्खा कोपरा उतरवला, सळ्या तारेच्या ब्रशनं घासल्या, नवा गिलावा केला. ठोकूनही बघितलं. पण या खेपेला कसं वाजतंय म्हणून विचारलं नाही.

रुद्रेशनं ही हकिकत तालमीच्या कट्ट्यावर सांगितली. महानंदानं तरी काय वेगळं केलं? मागच्या गल्लीत बालवाडी चालवणाऱ्या अक्षतानं विचारलं, आमचंही छत पावसात भिजलंय, तुमच्या धोंडुबाईंना बोलावू का? महानंदा म्हणाली होती, "नको गं. ऐकू येत नाही आता त्यांना." त्यात एक शब्द खोटा नव्हता. तेच तिला आता टोचत होतं. दिवाळीपर्यंत धोंडुबाईकडे एक गच्ची राहिली नाही, आणि सुनेच्या भाकरीवर बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. जिथं कान गेले तिथंच ती परत गेली.

आज गुरुवार. रक्षिता शाळेला जायच्या आधी पट्टी घेऊन कपाटावर ठोकत होती. पाठ ताठ, कमरेवर हात, हुबेहूब धोंडुबाई. "वैनी, कसं वाजतंय?"

"भरीव," महानंदा डबा भरता भरता म्हणाली.

"तू ऐकलंसच नाहीस. नीट ऐकून सांग."

पोरीला शाळेत सोडून येताना बालवाडीपुढं अक्षता भेटली. काम झालं म्हणून खुशीत होती. छताला पांढरा रंग मारून घेतला होता, डाग दिसेनासे झाले होते. ठोकून कुणी बघितलं का, असं महानंदानं विचारलं. ठोकायचं कशाला, गळायचं थांबलंय की, असं म्हणून अक्षता हसत आत गेली. अकराला त्याच छताखाली वीस-बावीस पोरं सतरंजीवर बसणार होती.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. महानंदा घरी आली, धुणं भिजवलं, तसंच टाकलं. घड्याळात सव्वादहा झाले होते. काय सांगायचं? नुसतं धोंडुबाईंना बोलाव म्हटलं, तर अक्षता म्हणणार, तुम्हीच नको म्हणालात ना? मग सगळंच सांगावं लागणार. गल्लीत होणार. संध्याकाळी रुद्रेशला कळणार, आणि तो आधी तिच्याकडे आणि मग त्या उशीकडे बघणार.

त्याआधी आपणच त्याला सांगायचं. पण ते संध्याकाळी.

तिनं ओले हात पदराला पुसले आणि फोनवरचं विणलेलं झाकण बाजूला केलं. पहिलं वाक्य ठरलं होतं. मावशींचे कान गेलेत हे खरं आहे, अक्षता, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या कानांना विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. आज मुलांना त्या छताखाली बसवू नकोस. त्यांच्या प्रसेनजीतचा नंबर लिहून घे. मावशी आल्या की स्टुलाशेजारी उभी राहा, आणि त्या विचारतील तेव्हा जे ऐकू येईल तेच सांग.

महानंदानं रिसीव्हर उचलला.