खांदे की पाय?

किस्से जमवायला कुणी मुद्दाम जात नाही. आपण रागाने लाल होऊन घरी यायचं, मित्राला सगळं सांगायचं, आणि तो गंभीर व्हायच्या ऐवजी पोट धरून हसायला लागला की समजायचं, किस्सा झाला! जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या एका स्पोर्ट्स क्लबात मी असा दोन वर्षं संतापत होतो. अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट. मी तिथे कारखान्यात ट्रेनी इंजिनियर. मूळचा कोल्हापूरचा, बाराव्या वर्षापासून तालमीत जोर-बैठका मारलेला.

* * *

क्लबाच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘आबटाइलुंग’. म्हणजे विभाग. मी लिहिलं, ‘वजनं आणि लांब पल्ल्याचं धावणं’. ऑफिसातल्या बाईंनी पट्टी घेऊन त्यातलं अर्धं नीट सरळ रेघेत खोडलं.

“एक माणूस, एक विभाग!”

मला दोन्ही हवं होतं. अंग कमावलं होतं ते तालमीत, ते घालवायचं नव्हतं. आणि धावायची गोडी लागली ती इथे. नदीकाठाने तासभर धावलं की आपण परक्या देशात एकटे आहोत हे विसरायला व्हायचं. आता हे त्या बाईंना कुठल्या रकान्यात सांगू?

धावण्याचे ट्रेनर हेर, म्हणजे श्रीयुत, किमर्ले. पेशाने शाळामास्तर, अंगाने काडी. माझे दंड बघून म्हणाले, “हे सामान घरी ठेवून येता येईल का?”

वजनांचे ट्रेनर हेर बाउडर. लोहार, दाराएवढे रुंद. ते ओरडले, “तुझा एकेक किलोमीटर माझं मांस खातोय!”

‘माझं’ म्हणे! अंग माझं, घाम माझा, आणि मांस यांचं!

शेवटी चेअरमनने निकाल दिला. ऑक्टोबरात पंचवीस किलोमीटरची शर्यत आहे. पहिल्या दहात आलास तर दोन्ही विभाग तुझे. नाहीतर एक सोडायचा.

* * *

खोलीत बैठका मारल्या की खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंचा दिवा हलायचा. म्हणून एका रविवारी दुपारी मी मागच्या बागेत गेलो. शंभर झाल्या असतील नसतील, तोच फाटकात पोलीस!

“काय चाललंय?”

“व्यायाम.”

“रविवारी दुपारी एक ते तीन शांततेची वेळ आहे. खेळाला मनाई.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, “तुमच्याकडची ही प्रार्थना तर नव्हे? प्रार्थनेला हरकत नाही.”

मी मनात म्हटलं, तालमीत मारुतीसमोरच तर मारतो आपण. खोटं कुठे आहे?

“प्रार्थनाच आहे,” मी म्हणालो.

पोलिसाने टोपी काढली, दोन मिनिटं आदराने उभा राहिला. जाताना म्हणाला, “चालू द्या. फक्त देवाला आकडे जरा हळू सांगा, शेजाऱ्यांना ऐकू जातात!”

* * *

क्लबाचं वार्षिक जेवण. मी सकाळी वीस किलोमीटर धावून आलेलो, भुकेने डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्यांच्या ताटात दोन-दोन सॉसेजेस. माझ्या ताटात उकडलेला फ्लॉवर, त्यावर एक गाजर!

का, तर मी इंडियन. माझ्या धर्माचा मान राखलेला! अरे, मी कोल्हापूरचा! तांबडा रस्सा पिऊन वाढलोय!

शेजारी बसला होता माझा मित्र गोडबोले. सदाशिव पेठेतला, श्टुटगार्टला केमिस्ट्रीत डॉक्टरेट करणारा. अंड्यालासुद्धा हात न लावणारा. पण सूट-टाय बघून हा सुधारलेला असणार असं ठरवून त्याला वाढली सॉसेजेस. त्याने आनंदाने ताटांची अदलाबदल केली.

तेवढ्यात वाढणाऱ्या बाई धावत आल्या. दोन्ही ताटं उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि गोडबोलेला दरडावलं, “लाज नाही वाटत? मित्राचा धर्म बुडवता!”

* * *

मोठ्या अभिमानाने मी वस्तादांना कोल्हापूरला पत्र लिहिलं, दर रविवारी वीस किलोमीटर पळतो म्हणून. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. ‘चिरंजीवास आशीर्वाद. तिकडे कुणी एवढं मागे लागलं असेल तर सरळ निघून ये. तालीम तुझीच आहे.’

* * *

किमर्लेंचा हुकूम, वजन पासष्टच्या वर गेलं तर धावायचं नाही. बाउडरांचा हुकूम, सदुसष्टच्या खाली गेलं तर वजनांना हात लावायचा नाही. आणि दोघेही शनिवारी एकाच काट्यावर मला उभं करायचे! किमर्ले चार वाजता, बाउडर पाच वाजता. मधल्या तासात मी कपडे बदलायच्या खोलीत बसून लिटरभर दूध आणि उकडलेले बटाटे कोंबायचो.

एका शनिवारी बाउडरांना लग्नाला जायचं होतं, ते चारलाच आले. काटा पासष्ट! “संपवलं यांनी पोराला,” म्हणून त्यांनी मला हाकललं. किमर्लेंचा पत्ता नव्हता, ते येत नाहीत असं समजून मी आणलेलं दूध आणि बटाटे संपवून टाकले. मग उशिरा किमर्ले उगवले. काटा सदुसष्ट! त्यांनीही हाकललं.

इतरांची वजनं उरकून बाउडर लग्नाला निघतच होते, दोघांचं दारातच जुंपलं. पासष्ट! सदुसष्ट! अर्ध्या तासाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. काटा बिघडलाय! काटा दुरुस्तीला गेला आणि तो परत येईपर्यंत मला दोन्हीकडे बंदी.

* * *

शर्यतीचा दिवस. एकोणीस किलोमीटर झाले, मी बाराव्या नंबरवर, दम चांगला होता. वाट द्राक्षमळ्यांत शिरली. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. वळण घेतलं तर पुढचे अकराही जण उभे!

द्राक्षांनी भरलेली गाडी, चाक चरात गेलेलं, वाट पूर्ण अडलेली. म्हातारा शेतकरी म्हणत होता, “घोडा आणतो. अर्धा तास.” बांधावर चढून जावं, तर आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकलं की बाद. म्हणून सगळे शिस्तीत रांग लावून उभे, आमच्या क्लबाचे तिघे जणही त्यात.

माझं डोकं सणकलं. आसाखाली खांदा दिला, बैठक मारली, बजरंगबलीचं नाव घेतलं आणि उठलो. चाक वर आलं. शेतकऱ्याने दांडी वळवली, बांधाशी फट पडली. एकेक जण माझ्या कोपराखालून वाकून “डांके!”, म्हणजे धन्यवाद, म्हणत पळाला. मागून येणारेही पोचले, तेही “डांके!” करून गेले. गाडी खाली ठेवावी तर शेतकरी चाकाखाली घालायला दगड शोधत होता, आणि त्याला एकही दगड पसंत पडेना!

सुटलो तेव्हा माझ्यामागे कुणी नव्हतं. मग जो धावलो! चढावर एकेकाला गाठलं, मागे टाकलं. छाती फुटेल असं वाटलं तरी थांबलो नाही.

अकरावा आलो.

किमर्लेंनी घड्याळ बंद केलं, माझ्या खांद्यावर दोन बोटं टकटक वाजवली आणि म्हणाले, “सांगत होतो ना? या खांद्यांमुळेच मागे पडलास!”

शेजारी आमच्या क्लबाचे ते तिघे गळ्यात पहिल्या दहांना मिळणाऱ्या ओकच्या पानांच्या माळा घालून उभे होते. तिघांनीही माना डोलावल्या आणि ‘अगदी बरोबर’ला जर्मनीत जे म्हणतात ते म्हणाले,

“गेनाऊ!”